आरसा ठीक

"बाई घाईत होत्या, असं लिहितो," चौकशीचे साहेब म्हणाले. "तुमची हरकत नाही ना, मिस्त्री?"

वीस वर्षं मिस्त्रीने याच डेपोत बस दुरुस्त केल्या, आणि याच डेपोच्या बसखाली त्याची बायको गेली. शेजारी लेक बसली होती, त्याचा दंड घट्ट धरून.

"आईने जन्मात कधी घाई केली नाही," ती म्हणाली. "पांढऱ्या पट्ट्यांवरूनच चालली होती. चूक बसची आहे, भरपाई डेपोनेच द्यायची."

"चूक सिद्ध तर व्हायला हवी, ताई."

समोर ड्रायव्हर उभा होता. सगळे त्याला लंब्या म्हणत. "साहेब, वळताना आरसा फिरला. बाजूचं काही दिसलंच नाही. सैल आहे म्हणून मी सकाळीच सांगितलं होतं."

"कुणाला?"

लंब्याने मिस्त्रीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ज्याचं घर मोडलं त्याचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं?

साहेबांनी नोंदवही उघडली. "इथे तर 'आरसा ठीक' लिहिलंय. नाचता येईना, अंगण वाकडं!"

खालची सही मिस्त्रीची होती. त्या सकाळी नवा आरसा शिल्लक नव्हता. फोरमन 'गाडी सोड, गाडी सोड' करत डोक्यावर बसला होता. मिस्त्रीने तार गुंडाळली, गाठ मारली आणि सही ठोकली. बायको त्याच्या गाठींना हसायची. घरातली कपड्यांची दोरी दर आठवड्याला सुटायची. "बसलाही अशाच गाठी मारता का हो?" म्हणायची.

गप्प बसलं तर नोकरी वाचत होती. बायको मात्र बेपर्वा ठरत होती. मेलेलं माणूस काय भांडायला येतंय!

"आरसा ठीक नव्हता." मिस्त्रीने आपल्या सहीवर बोट ठेवलं. "मी तारेने बांधला. फोरमनच्या डोळ्यांदेखत. लंब्या खरं बोलतोय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. नोकरी जाईल, वर खटला होईल."

"लिहा, साहेब."

दंडावरचा हात सुटला. लेक उठली आणि खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली. खाली एक बस मागे येत होती, कुणीतरी तिच्यावर थापा मारत होतं.

"लिहा ना," ती न वळता म्हणाली. "आणि आधीचं खोडा. आई घाईत नव्हती."

मिस्त्री तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती काही वळली नाही.