वास अडवणारी पिशवी

पिशवीला हात लावला आणि तिचा कोपरा चिमटीतच राहिला. काकांनी दुसरी बाजू धरली, तर तीही वाळल्या पानासारखी मोडली. आतला काकूंचा स्वेटर उघडा पडला होता.

मक्याच्या स्टार्चपासून पिशव्या करणाऱ्या कारखान्यात काकांचं काम पिशव्यांची पातळ फिल्म तपासण्याचं. फिल्मच्या पट्ट्या कापायच्या, यंत्राच्या जबड्यांत धरायच्या आणि तुटेपर्यंत ओढायच्या. "काका, ताण घेऊ नका," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी ताण घेत नाही बाबा, देतो." हा विनोद इतका जुना झाला होता की हसणारेही सवयीनेच हसत.

काकू गेल्यावर त्यांचं सगळं काकांनी वाटून टाकलं. फक्त हा स्वेटर ठेवला, कारण त्याला काकूंच्या मानेचा वास होता, थोडा तेलाचा, थोडा घामाचा. तो उडून जाऊ नये म्हणून काकांनी डोकं चालवलं. साध्या प्लॅस्टिकमधून वास हळूहळू निसटतो, आपली फिल्म वास अडवण्यात वरचढ, हे त्यांनी स्वतः तपासलं होतं. पिशवीचं तोंड इस्त्रीने चिकटवून त्यांनी ती कपाटात ठेवली. कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून. ओल आणि ऊब मिळाली की हीच फिल्म विरते, हेही त्यांनीच तपासलेलं. पण त्या दिवशी त्यांना वासापलीकडे काही सुचलं नव्हतं.

त्यांनी स्वेटर नाकाशी धरला. ओल्या भिंतीचा वास आला. मग गळ्यापाशी हुंगून पाहिलं, बाह्यांपाशी पाहिलं. काकू कुठेच नव्हत्या. काका पलंगावर बसले आणि पोरासारखे रडले.

मग मुलीला फोन लावला.

"बाबा, पण तुम्हीच तर सांगायचात ना, ती पिशवी विरते म्हणून?"

"सांगायचो की."

"मग?"

"मग काय... आपल्या घरातही विरेल असं वाटलं नाही गं."

पलीकडून मुलगी म्हणाली, "येऊ का मी?"

"वेडी आहेस का? एवढ्या लांबून, एका स्वेटरपायी?"

"बरं. पण आता धुऊन तरी टाका तो. बुरशी धरेल नाहीतर."

काकूंच्या माघारी त्या स्वेटरला पाण्याचा थेंब लागला नव्हता. कामवाल्या बाईंनी एकदा सहज हात पुढे केला, तर काका त्यांच्या अंगावर ओरडले होते. आता धुवायला काहीच हरकत नव्हती.

त्यांनी बादली नळाखाली लावली, साबणाच्या पावडरचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन तसेच उभे राहिले. लोकरीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "किती टाकू?"

नळाचा आवाज फार होत होता. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी तो बंद केला.