व्हिनेगर संपलं तेव्हा

मी लेम्बर्गर बोलतेय. लाल वाइनची बाटली, जर्मनीतल्या नेकार नदीवरच्या चढणीची, आणि कोरडी. कोरडी म्हणजे अंगात साखर नाही. माझ्या तोंडून गोड बोलणं ऐकायला कोणी बसलं असेल, तर त्याने उठावं.

एर्विनच्या मळ्यात लाल वाइन गोडच निघायची. पिंपातली साखर पुरती आंबायच्या आत तो काम थांबवायचा. गिऱ्हाईक खूष, एर्विन खूष. त्याची मुलगी उर्सेल मात्र बाहेरचे मळे बघून आली आणि वरच्या चढणीची द्राक्षं तिने एका पिंपात शेवटपर्यंत आंबू दिली. त्यातून मी आले.

एर्विन पहिला घोट घेऊन खिडकीबाहेर थुंकला.

"पोरी, हे जेवणाबरोबर प्यायचं की जखमेवर लावायचं?"

"बाबा, नुसती पिऊ नका. मांसाबरोबर घ्या."

"बरं. संत मार्टिनच्या सणाला हंस भाजणारच आहोत. घरातल्या कोणीही आपणहून दुसरा ग्लास घेतला, तर वरची चढण तुझी. नाही घेतला, तर पिंप धुवायचं आणि माझ्यासारखी गोड करायची. मग कटकट नको."

मला काळजी नव्हती. भाजलेल्या हंसासाठीच आपला जन्म, अशी माझी समजूत. तळघरात शेजारच्या गोड बाटल्यांशी मी बोलतही नसे.

सणाला एर्विनची थोरली बहीण, फ्रीडा आत्या, हंस भाजायला आली. हंस झकास झाला. पण बरोबरच्या लाल कोबीत तिने सफरचंदं घातली, मनुका घातल्या, वर मुठीने साखर. शिवाय सकाळपासून मला शेगडीजवळ ठेवलं. म्हणे, "गारठली असेल बिचारी."

गोड कोबीचा घास, त्यावर कोमट मी. आंबट नाही लागणार तर काय?

"एर्विन, माझी कवळी टाळूला चिकटली की रे!" शेजारचा काल्मबाख ओरडला. "हसता काय? मला अजून जेवायचंय!"

आत्याने माझं बूच लावून मला गार खिडकीत ठेवलं. एर्विनने गोड बाटली उघडली. उर्सेल ताट अर्धं टाकून उठली. कोबीला कोणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी उर्सेल पिंप धुवायला तळघरात उतरली. स्वयंपाकघरात एर्विन एकटा. समोर शिजलेले मसूर, जाड शेवया, धुरी दिलेलं सॉसेज. मसुरावर व्हिनेगर शिंपडल्याशिवाय आमच्याकडे कोणी चमचा उचलत नाही. आणि व्हिनेगर संपलेलं.

त्याची नजर माझ्यावर पडली.

"तू चालशील," तो म्हणाला.

इतका अपमान त्या कवळीनेही केला नव्हता.

त्याने मला मसुरावर शिंपडलं. खाल्लं. थांबला. सॉसेजचा तुकडा तोंडात टाकून थोडी ग्लासात ओतली. प्यायला. दाराकडे पाहिलं. पुन्हा ओतली, या वेळी थोडी नाही.

उर्सेल वर आली तेव्हा मी रिकामी होते.

"बाबा, यातली वाइन?"

"मसुरात गेली."

"सगळी?"

"मसूर फार घट्ट झाले होते."

"आणि हा ग्लास?"

एर्विन सॉसेज कापू लागला. बराच वेळ कापत राहिला.

"पिंप धुतलंस?"

"धुतलं."

"नीट धुतलंस ना? वरच्या चढणीची द्राक्षं जायचीत त्यात. तुझ्या पद्धतीने." मग एकदम आवाज चढवला, "आणि त्या फ्रीडाला सांग, कोबीत साखर घालायची तर वाइन काढू नकोस म्हणावं!"

आता माझ्या धाकट्या बहिणी मसुराबरोबर, भाजलेल्या डुकराबरोबर, जुन्या खारट चीजबरोबर खपतात. त्यांना शेगडीपासून आणि साखरेपासून लांब ठेवा, एवढंच मागणं.

माझं काही नाही. आत्याने संध्याकाळी व्हिनेगर आणलं. ठेवायला रिकामी बाटली हवी होती. तेव्हापासून मी त्याच खिडकीत आहे, पोटात व्हिनेगर घेऊन. एर्विन मसुरावर मला शिंपडतो. पण त्याआधी, घरात कोणी नसेल तर, बूच काढून एकदा हुंगून बघतो.