लाभ की एक

सोमवारी सकाळी साडेअकराला बाजार समितीच्या कचेरीत मापाड्याच्या जागेचा निकाल लागला आणि बारा वाजायच्या आत तो थांबवण्यात आला. साल १९७४, मार्च महिना. आवारात शाळू ज्वारीची पोती यायला लागली होती.

जागा एकच होती. लेखी परीक्षेत सांगलीच्या अनंतला वीसपैकी अठरा गुण पडले, माण तालुक्यातल्या सयाजीला सतरा. गुण सारखे झाले तर सातारा जिल्ह्यातला उमेदवार घ्यायचा, असा समितीचा ठराव होता. म्हणजे सयाजीची नोकरी एका गुणाने गेली. त्याचे दोन भाऊ आधीच मुंबईत होते. आता तिसराही जाणार म्हणून त्याची आई साळूबाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसली, ती उठेना.

वाद नवव्या प्रश्नाचा. सचिव शरच्चंद्र लिमये यांनी रविवारच्या वर्तमानपत्रातले आकड्यांचे कोडे उचलले होते आणि उमेदवारांना जवळचे वाटावे म्हणून खळ्यावर नेऊन बसवले होते. पाच राशी आहेत. पहिलीचा आकडा पुसला गेला आहे. पुढच्या राशी ४, ९, १६ आणि २५ पायल्यांच्या आहेत. तर पहिल्या राशीत किती पायल्या?

अनंतने लिहिले, १. सयाजीने लिहिले, लाभ.

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे, मग दोन, तीन. वजने किलोत आली तरी हे सुटलेले नाही. लिमयांनाही ते ठाऊक होते, पण त्यांच्या उत्तराच्या कागदावर १ होता, म्हणून त्यांनी सयाजीचा गुण कापला.

अध्यक्ष नानासो स्वतः शेतकरी. ते म्हणाले, "आमच्या खळ्यावर कुणी एक म्हणून दावावं. आमची म्हातारी सूप घेऊन मागं लागंल."

"मग पगारपत्रकावर मी लाभ तारीख लिहू का?" लिमयांनी विचारले.

"लिवा की. त्या निमतानं येळंवर तरी निघंल."

अनंत दारातच उभा होता. तो सयाजीला म्हणाला, "चार हा दोनाचा वर्ग, नऊ तिनाचा. लाभाचा वर्ग किती रे?"

"लाभच की. एकाला एकानं गुणलं तर एकच ऱ्हातो."

लिमयांनी टेबलावर हात मारला. "ऐकलंत? आला की नाही तोंडातून एक?"

"आवं साहेब, आता मी कुठं धान्य मोजतोय?"

"परीक्षेत तरी कुठं मोजत होतास?"

"तुमीच राशी मांडल्या की पाच."

नानासो इतके हसले की त्यांच्या चहाची बशी कलंडली. हसू ओसरल्यावर त्यांनी जोतिबाला बोलावणे धाडले. जोतिबा याच आवारात म्हातारे झालेले मापाडी, आणि साळूबाईचे थोरले भाऊ. मामा भाच्याच्या बाजूनेच बोलणार, म्हणून अनंतने हरकत घेतली. नानासोंनी ती ऐकली आणि सोडून दिली.

"जोतिबा, लाभ का एक?"

जोतिबांनी दोघांचे कागद दूर धरून वाचले. "तोंडानं लाभ," ते म्हणाले, "पावतीवर एक."

पायरीवरून साळूबाई ओरडली, "दादा! भाच्याकडं तरी बघायचं हुतंस!"

"बघूनच बोललो, साळू. चाळीस वर्सं एकच लिवत आलो."

"मग झालं," अनंत म्हणाला.

"झालं कुठं, पोरा? ह्यो कागद पावती हाय का रास हाय, ते मला कुणी इचारलंय?"

"मग काय हाय?" नानासोंनी विचारले.

"ते काढणाऱ्याला इचारा."

सगळे लिमयांकडे पाहू लागले. लिमयांनी चष्मा पुसला. त्यांनी कोडे घातले होते. पावती की रास, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. पुढच्या वेळी थेट आकडेच देईन, असे ते पुटपुटले. दोन्ही कागद टाचून साताऱ्याच्या वरिष्ठ कचेरीकडे पाठवायचे ठरले. सयाजीचा गुण तोवर धरायचा नाही आणि कापायचाही नाही.

दहा दिवसांनी साताऱ्याहून पत्र आले. उत्तर नव्हते, प्रश्न होता: उमेदवाराने लिहिलेली ही संख्या आहे काय, असल्यास किती, हे समितीने ठराव करून कळवावे. त्यासाठी बोलावलेल्या बैठकीत चार सभासद लाभाच्या बाजूने पडले, चार विरुद्ध. नानासोंनी आपले निर्णायक मत दिले नाही. शाळू उरकू दे, मग बघू, म्हणाले.

शाळू अजून येतोच आहे. मुंबईच्या एका भावाने गोदामातली एक जागा सयाजीसाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. काल सयाजी साळूबाईला न सांगता एस. टी. स्टँडवर जाऊन मुंबईच्या गाडीची वेळ विचारून आला. तिकीट त्याने काढलेले नाही.