चावी नसलेलं घड्याळ

आईचं घड्याळ मी टॉवेलात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. काळी चौकट, पिवळटलेली तबकडी, मागून निघालेली सुती वेष्टनाची वायर. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. हे नक्की काय आहे, एवढंच मला विचारायचं होतं.

घड्याळवाल्या काकांनी ते उलटं केलं. "चावी नाही, सेल नाही. भिंतीतल्या विजेवर चालायचं?"

"हो. पण मी प्लग लावून पाहिला. बिघडलंय."

"बिघडलंय कसलं! ढकलल्याशिवाय हलत नाही, आमच्या जावयासारखं." त्यांनी प्लग लावला आणि मागची बारीक कळ चिमटीत धरून फिरवली. सेकंदकाटा सरकू लागला. "फार जुनी जात. लाइट गेली की थांबतं आणि आली तरी आपणहून सुरू होत नाही. घरात दुसरं घड्याळ नसेल, तर दर वेळी कुणाला तरी विचारायचं किती वाजले, काटे लावायचे, मग ही कळ."

मी स्टुलावर बसले.

आईकडे दुसरं घड्याळ नव्हतं. फोनही तारेचा. शेवटच्या वर्षी ती मला ऑफिसात फोन करायची, "किती वाजले गं?" एका दुपारी चार वेळा. चौथ्यांदा मी म्हणाले, "आई, समोर घड्याळ आहे ना? बघ की!"

"अगं, त्याचंच तर..."

मी फोन ठेवला. संध्याकाळी गेले तर लिफ्ट बंद. दिवसभर लाइट ये-जा करतेय, असं वॉचमनने सांगितलंही. चार मजले चढल्याचा राग मी आईवरच काढला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं, तिला वेळेचं भान राहिलेलं नाही. मग वृद्धाश्रम. "तू म्हणतेस तर तसं असेल," एवढंच ती बोलली. पाच महिन्यांत गेली.

"सेलवर करून देऊ? कटकट मिटेल," काका म्हणाले.

"नको."

बाहेर येऊन धाकट्या भावाला फोन लावला. त्याचा वृद्धाश्रमाला विरोध होता. "तू जवळ असतेस, तुलाच जास्त कळणार," म्हणत शेवटी त्याने अर्जावर सही केली होती.

"आई विसरत नव्हती रे," मी म्हणाले आणि घड्याळाचं सगळं सांगितलं.

"ताई, हे आता मला कशाला सांगतेस?"

"तू माझ्या शब्दावर सही केलीस. शब्द खोटा होता."

"मला काही दिवस फोन करू नकोस."

"बरं," मी म्हणाले. त्याने ठेवेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.