खांद्यापुरती धार

साखऱ्याच्या व्यंकटरावांनी ट्रॅक्टर घेतला आणि घरचा शेवटचा बैल, हरण्या, बाजारात विकला. तेव्हापासून बायको मनकर्णाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. जेवायला या, गोळी घ्या, बस.

म्हणून पोळा जवळ येताच व्यंकटराव पांगऱ्याच्या लाकडाचा बैल करायला बसले. बाईंनी तो पुजला की त्या बोलायला लागतील, अशी त्यांची आशा.

पण बैलाआधी धार आली. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं की लाकूड कोरायला सुरीची धार आरशासारखी पाहिजे. व्यंकटराव सुरी दगडावर घासत, मग चामडी पट्ट्यावर फिरवत आणि डाव्या हाताच्या केसांवर धार बघत. हाताचे केस संपले तेव्हा ते पोटरीवर उतरले.

"काका, बैल करून राहिले का दाढी?" शेजारच्या नेमसिंगनं विचारलं.

व्यंकटराव पोटरीवर सुरी फिरवत राहिले. जाणकाराला गावात तकलीफ असतेच, असं त्यांचं मत होतं.

बैल मात्र देखणा झाला. पाठीवर माशी बसली असती तर घसरली असती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या जुवानं दुखलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. मनकर्णाबाई वाटी घेऊन आल्या. त्यांनी लाकडी बैलाच्या खांद्यावर अंगठा फिरवला. अंगठा घसरला.

"हा आपला न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याच्या खांद्यावर जू बसलंच न्हाई कवा." आणि वाटी ठेवून आत गेल्या.

व्यंकटरावांना आधी राग आला. मग हरण्याच्या खांद्यावरचा, जू घासून पडलेला घट्टा आठवला. विकताना त्यांनी शेवटचा हात तिथंच ठेवला होता. त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी सुरी उचलली आणि न्हाणीतल्या खरबरीत दगडावर दोनदा घासली. एवढ्या दिवसांची धार गेली. त्या बोथट, दातेरी सुरीनं त्यांनी खांदा खरवडला. लाकडाचे तंतू उभे राहिले.

त्यांनी हाक मारली. बाई आल्या, अंगठा फिरवला. या वेळी तो अडला.

"इथंच व्हता," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ हळद चोळत राहिल्या. हळद तंतूंत मुरली. मग त्यांची नजर नवऱ्याच्या हातावर गेली.

"आन् हाताचे केस कुठं गेले तुमच्या?"

व्यंकटराव सांगायला लागले. मनकर्णाबाई वाटी मांडीवर घेऊन खाली बसल्या.