ट्रॅक दोन, नासिर

दुसऱ्या कुणी पेटी चांगली वाजवलेली नासिरभाईंना खपत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस तसा सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात; पण एखाद्या मैफिलीत दुसऱ्याच्या पेटीला टाळी पडली की कर्वेनगरला घरी येऊन ते ताटावर मुकाट बसत, आणि त्यांची बायको बिलकिस वाढता वाढता विचारी, “आज कोण वाजवत होतं?” जन्मापासून दिसत नसलेल्या माणसाचा चेहरा काही लपवायला शिकलेला नसतो. तिला सगळं आयतंच वाचायला मिळे.

तीस वर्षं गवयांच्या शेजारी बसून साथ केली, त्यात स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, पिलू रागातली एक धून. शनिवार पेठेत बिलकिसच्या वडिलांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एकदा दुरुस्त झालेली पेटी पारखायला म्हणून तरुण नासिरने ती धून वाजवली, तेव्हा पडद्यामागे बांगड्या वाजायच्या थांबल्या. पुढे ‘आंधळ्याच्या घरी मुलगी देणार नाही’ म्हणून वडील अडून बसले, तर ती म्हणाली, “मी त्यांचं वाजवणं ऐकलंय,” आणि त्यापुढे कुणाचं चाललं नाही. लग्नानंतर मात्र तिने कौतुक असं कधी केलं नाही. फार तर “बरं आहे.” पुण्यात वाढलेल्या बाईकडून याहून जास्त मिळत नसतं, असं नासिरभाई हसून सांगत आणि त्या एका ‘बरं आहे’वर आठवडा काढत.

दोन वर्षांपूर्वी ते रंगमंचाच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आखडलं ते आखडलंच. धुनेत वरच्या षड्जावरून झरझर खाली उतरणारी एक हरकत होती, ती त्यांनी तेव्हापासून गाळली. बिलकिसच्या ते लक्षात आलं होतं. ती काही बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

बोटं आणखी दगा देण्याआधी धून घरीच रेकॉर्ड करून ठेवायची, असं त्यांनी या वर्षी मनावर घेतलं. शिकवायला उत्कर्षा होती, तीही दृष्टिहीन, वयाने पोरसवदा पण कानाची पक्की. ती फोनवरून शिकवी. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज लॅपटॉपमध्ये होता, त्याला बिलकिसने पहिल्याच दिवशी ‘पोपट’ नाव ठेवलं. बाण दाबला की पोपट बोले, “ट्रॅक एक. नासिर.” कुठला ट्रॅक गप्प करायचा, कुठला एकटा ऐकायचा, कुठला हळू करायचा, सगळं कळांवर. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पिलूच्या ऐन मध्यात पोपटाचा आवाज शिरला, तेव्हा उत्कर्षा पोट धरून हसली. “काका, हेडफोन लावायचा विसरलात ना? तो स्पीकरमधून बोलतो आणि माइक ते इमानदारीत टिपतो. नव्या माणसाचं हमखास होतं हे.” तेव्हापासून हेडफोन लावल्याशिवाय त्यांनी कळीला बोट लावलं नाही.

एका मंगळवारी सकाळी, बिलकिस डाळ लावत असताना, त्यांनी आदल्या दिवशीचं काम उघडलं. “ट्रॅक एक. नासिर.” सवयीने बाण आणखी एकदा खाली गेला. “ट्रॅक दोन. नासिर.”

दुसरा ट्रॅक त्यांनी केलाच नव्हता. चुकून नक्कल झाली असेल, असं म्हणत त्यांनी तो एकटा लावला. पेटी त्यांचीच होती. मंद्र पंचमाचा किंचित घोगरा सूर, भात्याच्या उजव्या कोपऱ्यातून निसटणारी हवा, मागे त्यांच्याच कुकरची शिट्टी. आणि मग ती हरकत आली. वरच्या षड्जावरून, एकही सूर न चुकवता, पायऱ्या उतरणाऱ्या पोरीसारखी खाली आली आणि सहज थांबली. नासिरभाईंचं आखडलेलं बोट मांडीवर आपोआप हललं.

दोन्ही ट्रॅक त्यांनी उत्कर्षाला पाठवले. तासाभरात तिचा फोन. “काका, तो दुसरा! काय वाजवलंय हो! पहिला कशाला ठेवलाय मग?”

“असाच,” नासिरभाई म्हणाले. ‘तो मी नव्हे’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले. आयुष्यात पहिल्यांदा एवढी दाद मिळाली होती, आणि ती दुसऱ्याची होती. त्या दिवशी ते ताटावर मुकाट बसले. कोण वाजवत होतं, हे बिलकिसने विचारलं नाही.

गुरुवारी हेडफोनची पिन निसटली आणि दुसरा ट्रॅक घरभर वाजला. स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या थांबल्या. ती दारात आली, तिच्या हातांचा कणकेचा वास आला. धून संपेपर्यंत ती हलली नाही.

“दुकानात असंच वाजवलं होतंत,” ती म्हणाली.

नासिरभाईंनी घाईघाईने पेटी पुढे ओढली आणि धून पुन्हा वाजवली, जीव तोडून वाजवली, हरकतीच्या जागी आल्यावर बोट अडखळलं तरी रेटून नेली. ती ऐकत होती. “बरं आहे,” म्हणाली आणि आत गेली. आजवर ज्या दोन शब्दांवर ते जगले, ते आज भीक घातल्यासारखे वाटले.

मग रोजचंच झालं. दुपारची कामं आटोपली की ती स्टूल ओढून बसे. “अहो, ते लावा ना.” ते म्हणजे कुठलं, हे सांगायची गरज नसे. नासिरभाई वाजवून दाखवतो म्हणाले, तर “राहू दे, बोट दुखेल तुमचं.” अंगाचा नुसता तिळपापड होई! बायको समोर बसलेली, पेटी समोर, आणि तिचा जीव त्या मेल्या डब्यातल्या हरामखोरात! रोज संध्याकाळी ते दुसऱ्या ट्रॅकचा आवाज बंद करून ठेवत. रोज सकाळी तो सुरू असे, आणि पहिला आदल्या दिवसापेक्षा थोडा हळू झालेला.

“तू हात लावतेस का याला?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुमचा पोपट, तुम्हीच जाणा.”

शेवटी पुढल्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी त्यांनी ठरवलं, काढूनच टाकायचा. पण काढण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐकायचा, त्याच्या वाजवण्यात कुठेतरी खोट सापडेल या आशेने. खोट नव्हती. शेवटचा सूर विरला, भाता मिटला. सूर संपल्यावरची शांतता आवाज वाढवून तपासायची, असं उत्कर्षाने शिकवलं होतं, म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

आधी खोलीचा घुमारा. मग पोपट. लांबून, बारीक. वाजवणाराही हेडफोन लावायला विसरला होता. नवाच होता तोही.

“ट्रॅक एक. नासिर. काढून टाकायचा? हो. नाही.”

मग माइकच्या अगदी जवळ बिलकिस, दुकानाच्या पडद्यामागच्या वयाची असल्यासारखी हसत म्हणाली, “टाका की. तो कशाला ठेवता?”

कळ दाबल्याचा आवाज आला आणि रेकॉर्डिंग तिथे संपलं.

नासिरभाईंनी बाण मोजून दाबले, एक, दोन, पुन्हा वर जाऊन पुन्हा मोजले. दुसऱ्यावर थांबून काढायची कळ दाबली. “काढून टाकायचा? हो. नाही.” त्यांनी हो केलं.

“ट्रॅक काढला,” पोपट म्हणाला. “एकच ट्रॅक उरला. नासिर.”

त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि दोन्ही तळवे त्याच्यावर दाबून धरले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आता घरात एकच वाजवणारा होता.

“बिलकिस,” त्यांनी हाक मारली. “ये गं जरा. वाजवतो. खोडून टाकलं मी ते, आता माझंच ऐक. चुकेल कदाचित.”

बांगड्या वाजत जवळ आल्या, त्यांच्या गुडघ्यावरून तिच्या पदराचा वारा गेला, आणि पेटीपलीकडे स्टूल करकरलं. आली होती ती.

“हं,” ती मायेने म्हणाली. “वाजवा ना.”

त्यांचे दोन्ही हात अजून मिटलेल्या झाकणावरच होते, तेव्हा बांगड्या वाजायच्या थांबल्या, समोर भाता उघडला आणि पिलू सुरू झाला.