चाळीस खुर्च्यांचा शेजार

“नाव मोठ्यानं घ्या, नीन्या. पुटपुटू नका. देव बहिरा नाही, पण मागच्या रांगेतल्या बायका आहेत.”

अकरा वर्षांपूर्वी यादिरानं सांगितलेलं हे वाक्य उबाल्दोच्या घराची पायरी चढताना एदिल्माच्या कानात वाजत होतं. वाजत होतं, एवढंच. मनात काही हलत नव्हतं. यादिराला जाऊन आज नववा दिवस.

गावात वयस्कर बाईला मानानं ‘नीन्या’ म्हणतात. नीन्या एदिल्माचं काम एकच. कुणी गेलं की त्या घरी नऊ दिवस जपमाळ सांगायची. स्वतःची पन्नास मण्यांची माळ ती पहाटेच उरकते, आणि दुपारपर्यंत तोंडात मिठाचा कण घालत नाही. तीस वर्षांत हे व्रत मोडलेलं नाही.

यादिरा मुलगा म्हणून जन्मली आणि बाई म्हणून जगली. नदीकाठच्या गल्लीत तिचं छोटंसं पार्लर होतं. तिच्यासारखीच तिची एक मैत्रीण वारली, तेव्हा माळ सांगायला कुणी तयार होईना. यादिरा एदिल्माच्या दारात येऊन उभी राहिली. एदिल्मा गेली खरी, पण पहिल्या दिवशी मेलेलीचं नाव तिनं ओठांतच गिळलं. तेव्हा ते वाक्य ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून नाव मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

त्याच महिन्यात एदिल्माची आई गेली. यादिरा न बोलावता कंगवा घेऊन आली. म्हातारीचे केस धुतले, विंचरले, अंबाडा घातला, आणि कॉफीलाही न थांबता निघून गेली. पुढं तसाच पायंडा पडत गेला. गावातली बाई गेली की केस यादिरा करायची; गल्लीतलं कुणी गेलं की माळ एदिल्मा सांगायची. चर्चच्या बायकांच्या चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन्हीकडं जायच्या, आणि डोक्यावरून वाहायला गल्लीतल्या, यादिरासारख्याच, पोरी असायच्या. एकदा शहरातल्या कुठल्याशा संस्थेचे दोघं जण फॉर्म घेऊन आले. समावेशनाच्या कामाचं अंदाजपत्रक किती, भागीदार संस्था कोणत्या, असं विचारू लागले.

“चाळीस खुर्च्या आणि एक नीन्या. लिहा,” यादिरा म्हणाली.

लिहायला रकाना नव्हता.

यादिराचा भाऊ उबाल्दो दारातच उभा होता. इस्पितळातून त्यानं तिला परस्पर घरी आणलं होतं. केस कापून, शर्ट-पँट घालून, कागदावरच्या, जन्माच्या वेळच्या पुरुषी नावानं पुरलं होतं. आठ दिवस एदिल्मानं ‘या आत्म्याला’ एवढंच म्हणून वेळ मारून नेली होती. आज ते चालणार नव्हतं. नवव्या दिवशी मेलेल्यासाठी घरात मांडलेली वेदी उतरवतात, आणि आत्म्याला नावानं हाक मारून निरोप देतात.

“नीन्या, आठ दिवस मी काही बोललो नाही,” उबाल्दो म्हणाला. “आज कागदावरचं नाव घ्यायचं. आई आत बसलीय. तिच्यापुढं तमाशा नको.”

“अरे, सगळं गाव तिला यादिरा—”

“माझा भाऊ होता तो. जमत नसेल तर सांगा, पलीकडच्या गावची बाई आणतो. मग इथं तुम्हाला कोण बोलावतंय ते बघू.”

समोर आंब्याखाली लुस दारी आणि चार पोरी बसल्या होत्या. लुस दारी यादिराच्या हाताखाली तयार झालेली. आत यायची त्यांना मनाई होती. खुर्च्या मात्र त्यांनीच आणून दिल्या होत्या. लुस दारीनं लांबूनच भुवया उंचावून विचारलं: यादिराचं नाव घेणार ना? एदिल्मानं मान हलवली. घेते.

माळ संपली. वेदीमागच्या पांढऱ्या चादरीवरचं, दुखवट्याची खूण म्हणून लावलेलं काळ्या कागदाचं फुलपाखरू काढलं. मेणबत्त्या एकेक करून विझवल्या. आत्म्याला वाट हवी म्हणून बायका दारातून बाजूला झाल्या. यादिराची आई स्वतःच्या हातांकडं बघत बसली होती. एदिल्मानं तोंड उघडलं आणि कागदावरचं नाव घेतलं. मोठ्यानं. मागच्या रांगेला, रस्त्यापलीकडच्या आंब्यालाही ऐकू जाईल असं.

बाहेर पोरी उठून उभ्या राहिल्या. आता शिव्या ऐकायच्या, असं एदिल्माला वाटलं. पण त्या दोन्ही बाजूंना सरल्या, मधून वाट सोडली, आणि जाणारीसाठी खाली बघत उभ्या राहिल्या.

कॉफी झाली, माणसं पांगली. पोरी खुर्च्या एकात एक बसवू लागल्या.

“लुस दारी...”

“पाय उचला, नीन्या, ही खुर्ची हवीय.” ती खुर्ची तिनं ढिगावर टाकली. “शुक्रवारी नीन्या पेत्रोनाच्या वर्षश्राद्धाला किती नेऊ? तीस?”

“तू येणार?”

“का? रागावले नाही असं समजू नका. एवढी रागावलेय की तुमच्याकडं बघवत नाही. पण पेत्रोनाबाईचं काय चुकलं? तिच्याकडच्या बायका काय उभ्यानं प्रार्थना करणार?” मग तिनं एदिल्माच्या डोक्याकडं पाहिलं. “आणि तुमचे केसही मीच करणार आहे, लक्षात ठेवा. असे खेचून बांधीन की बस्स. तेव्हा ओरडता पण यायचं नाही.”

एक पोरगी फिसकन हसली. एदिल्माला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे मांडीवर पडले होते.

“उद्या तीनला पार्लरवर येते,” ती म्हणाली. “तिच्या नावानं, पुन्हा पहिल्या दिवसापासून. नऊ दिवस.”

“आज पण मान हलवली होती तुम्ही.”

“हो.”

लुस दारीनं सहा खुर्च्या डोक्यावर घेतल्या. “तीनला ऊन असतं,” एवढंच म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर एदिल्मानं मीठ घातलेला भात खाल्ला, ताट धुतलं, डोक्याला रुमाल बांधला. नदीकाठच्या गल्लीकडं जायला घरामागून सावलीची पायवाट होती; तिथून गेलं तर कुणाच्या नजरेस पडायचं कारण नव्हतं. दुसरी वाट मोठ्या रस्त्याची. या वेळी सगळं गाव आपापल्या दारात डुलत्या खुर्च्या टाकून बसलेलं असतं. उबाल्दोसुद्धा.

ती मोठ्या रस्त्याला लागली.

“नीन्या, एवढ्या उन्हात कुठं?” कुणीतरी विचारलं.

“माळ आहे,” ती म्हणाली, आणि थांबली नाही.